अण्णा ब्राऊनला धक्का लावत नसत

अण्णांच्या पांढऱ्या शर्टांचे खिसे कधीच पांढरे नसायचे. क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाला घासायचा तो निळा खडू ते खिशात टाकायचे आणि विसरायचे, मग शर्ट तसाच बादलीत, आणि मग आईचं तोंड सुरू. "सगळ्या गावाच्या बायका कपड्यांना नीळ घालतात, माझ्याकडे कपडेच नीळ घेऊन येतात!" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आजही कुणाच्या अंगात निळसर पांढरा शर्ट दिसला की मला डहाणूच्या मसोलीतल्या आमच्या घराची मोरी आठवते. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे दुसऱ्या कुणाची तरी चिकूची वाडी. चिकू त्यांचे, पण वाऱ्याने आमच्या अंगणात पडलेले आमचे, असा आईचा कायदा होता आणि त्यावर अपील नव्हतं. सकाळी वरोरची हिराबाई टोपली घेऊन यायची, आई ओटीवरूनच सांगायची, "कालचे आहेत गं तुझे बोंबील," आणि हिराबाई टोपली उतरवायच्या आधीच भांडायला लागायची. आईची नजरच तशी होती. वीस पावलांवरून तिला मासळीचा ताजेपणा कळायचा. तेवढ्यात अण्णा डबा घेऊन निघालेले असायचे. तांदळाची भाकरी, सुकट, कांदा. तलासरीची एसटी पकडायची, तहसील कचेरीत दिवसभर दाखले, उतारे आणि शिक्के करायचे, आणि संध्याकाळी परत येताना घरी न येता थेट क्लबात उतरायचं. तलासरीला सगळे त्यांना राऊत भाऊसाहेब म्हणायचे. क्लबात नुसतं राऊत म्हणायचे, पण म्हणताना आवाज खाली यायचा.

कारण अण्णा एके काळी स्नूकरचे राज्य विजेते होते. हे मी सांगतेय म्हणून तुम्हाला कळलं. ते स्वतः मेले तरी सांगायचे नाहीत. मुंबईला नोकरीत असताना खेळ शिकले, दोनदा जिंकले, बदली मागून गावाकडे आले आणि विषय संपला. जिंकलेल्या दोन कपांपैकी एक कुठे गेला देव जाणे. दुसऱ्यात आई चिंच भिजवायची, आणि चिंचेच्या रोजच्या आंघोळीने तो कप डहाणूतला सगळ्यात लखलखीत कप झाला होता. पाहुण्यांना वाटायचं, काय जपलाय यांनी!

क्लब समुद्राकडे, बागायतदार मंडळींनी फार पूर्वी काढलेला. कौलारू हॉल, आणि हॉलच्या मधोमध ते टेबल, चार माणसांनी चार बाजूंना झोपावं एवढं मोठं. खाली दगडी फरशी, वर हिरवं कापड. खारी हवा त्या कापडात मुरायची आणि बॉल जड पळायचे. आता अच्छाडला हायवेवर ढाब्याच्या शेजारी ट्रक ड्रायव्हर खेळतात ती छोटी टेबलं मी पाहते, बरं वाटतं, पण त्या टेबलाला जी अदब होती ती वेगळीच. चपला दाराबाहेर काढून मोजे घालून खेळणारा मात्र सबंध क्लबात एकच माणूस होता. अण्णा म्हणायचे, "चपलेचा आवाज झाला की बॉल दचकतो." बॉल दचकतो! आणि हे सांगताना चेहरा कचेरीत शिक्का मारतानाचा.

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पंधरा लाल बॉल, सहा रंगीत, आणि बाकीच्यांना ज्याने मारायचं तो पांढरा. आधी लाल घालायचा, मग एक रंगीत, मग परत लाल. टेबलावर लाल आहेत तोवर रंगीत बॉल पॉकेटमध्ये गेला की काढून पुन्हा त्याच्या ठरलेल्या जागेवर ठेवतात. लाल संपले की रंगीत ओळीने घालायचे, शेवटी काळा, की एक फ्रेम संपली. आणि ज्याला मारायचा तो सोडून दुसऱ्याच बॉलला पांढरा आधी लागला तर फाऊल, समोरच्याला गुण. ब्राऊन, म्हणजे तपकिरी, टेबलाच्या एका टोकाला पिवळ्या-हिरव्याच्या मध्ये उभा असतो, लालांपासून लांब. बास. एवढंच शास्त्र.

तिशीतले अण्णा मी पाहिले नाहीत. तेव्हा म्हणे ते असे मारायचे की बॉल पॉकेटमध्ये शिरताना लोक डोळे मिटायचे. मी पाहिले ते निवृत्तीला एक-दीड वर्ष उरलेले अण्णा, आणि माझ्या मते तेच खरे बघण्यासारखे होते. ते मारायचेच नाहीत. हलकेच ढोसायचे. आधी टेबलाभोवती एक पूर्ण फेरी, हात मागे बांधून, एकेका बॉलपाशी थांबून, कचेरीत फाईल चाळावी तसं. मग वाकायचे, आणि पांढरा बॉल असा जायचा की लाल आत आणि पांढरा बरोबर पुढच्या बॉलच्या मागे हात जोडून उभा. काही फुटायचं नाही, उधळायचं नाही. रंगीत बॉल आपापल्या जागेवरून इंचभर हलायचे नाहीत. विशेषतः ब्राऊन. अण्णा ब्राऊनला कधी धक्का लावत नसत. बाकावरचे लोक एकमेकांना कोपर मारायचे, "बघ, बघ, राऊतांचा कंट्रोल! लाल संपेतोवर ब्राऊन जागचा हलला नाही!" कुणीतरी त्याला राऊत पद्धत असं नावही दिलं होतं. नवशिके तशी खेळायची नक्कल करायचे आणि तोंडावर पडायचे.

रविवारी सकाळी क्लब रिकामा असायचा, तेव्हा अण्णा मला न्यायचे. मी कॉलेजात होते, पोरीच्या जातीने क्यू धरायचा म्हणजे तेव्हा जरा अतीच होतं, पण अण्णांना कोण बोलणार? बॉलना नावं मी लहानपणीच ठेवली होती. पिवळा लिंबू, हिरवा कैरी, काळा जांभूळ, ब्राऊन अर्थातच चिकू. तर एका रविवारी अण्णा मला दाखवत होते, कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, लागून आलेला बॉल कसा सोडवायचा ते. माझ्या एका धसमुसळ्या फटक्याने ब्राऊन जाऊन लालांच्या घोळक्यात पडला होता. अण्णा वाकले, सुरेख मारला, बॉल पॉकेटमध्ये. "हा लाल गेला," ते म्हणाले, "आता बघ, निळ्यासाठी पांढरा कसा थांबलाय."

"अण्णा, तो चिकू होता."

ते तसेच वाकलेले. मग उभे राहिले, खडू काढला, उगाच घासला. "माहितीये. तुझं लक्ष आहे का बघत होतो."

मला खरंच वाटलं हो! माझ्या बापाचं ते बोलणं मी पंधरा मिनिटं खरं मानलं. पण पुन्हा तसंच झालं, आणि या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मारायच्या आधी. मी नकळत मान हलवली. नाही, तो नाही. ते सरकून दुसऱ्या बॉलच्या मागे गेले. घरी परत येताना माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. ती टेबलाभोवतीची फेरी. ते एकेका बॉलपाशी थांबणं. अण्णा बॉल बघत नव्हते, पाठ करत होते. आणि ब्राऊनला धक्का का लावायचा नाही? कारण जागेवर असला तरच तो ब्राऊन आहे हे त्यांना ठाऊक असायचं. तिथून निसटला, लालांत मिसळला, की संपलं. ज्याला सगळा क्लब राऊत पद्धत म्हणत होता ती मोतीबिंदू झालेल्या माणसाने काढलेली वाट होती. मला रडू आलं आणि त्याच वेळी असा अभिमान वाटला की काय सांगू. दिसत नसताना हा माणूस सगळ्यांना हरवत होता.

"कुणाला बोलायचं नाही," फाटकाशी आल्यावर अण्णा म्हणाले. "आईलाही नाही. मोतीबिंदू कळला तर क्यू काढून घेतील. गोड बोलून काढून घेतील. राऊत, बस आता, खूप खेळलास, चहा घे."

"मग ऑपरेशन करा ना अण्णा."

"आमच्या बाबांनी केलं होतं." एवढंच म्हणाले. आजोबा ऑपरेशन करून आले ते उजवा डोळा कायमचा घालवून, डावा आधीच गेलेला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. फार जुनी गोष्ट, कुठल्याशा गावी, कुणी केलं, कसं केलं, देव जाणे. पण अण्णा तेव्हा बारा वर्षांचे होते आणि बापाचा हात धरून शेतावर नेण्याचं काम त्यांच्याकडे आलं होतं. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. दिसतंय तेवढ्यात खेळायचं. ऑपरेशन केलं आणि उरलंसुरलंही गेलं तर? परवा माझ्या उजव्या डोळ्याचं झालं, सकाळी गेले आणि दुपारच्या चहाला घरी. भाचा म्हणाला, आत्या, दात काढायला जास्त वेळ लागतो. त्याला कसं सांगू, त्या वेळी ती केवढी भीती होती!

आईला न सांगण्याचं वचन मी एक दिवस पाळलं. सोमवारी ती बोंबील साफ करत बसली होती, मी शेजारी जाऊन बसले आणि भडाभडा ओकले. तिने सुरीसुद्धा थांबवली नाही.

"मला गेल्या दिवाळीपासून ठाऊक आहे."

"काय?"

"माझ्यासाठी लाल साडी आणली म्हणून पिशवी दिली. उघडून बघते तर तपकिरी. मातीसारखी. बायकोला दिवाळीला कोण असली साडी आणतं? म्हटलं, एकतर यांचं डोकं फिरलंय नाहीतर डोळे गेलेत. डोकं ठीक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? लाल साडी छान आहे म्हटलं आणि नेसले." मग म्हणाली, "त्यांचा बाप मी बघितलाय विजू. भिंत चाचपत मोरीत जायचे. मी कुठल्या तोंडाने सांगू, जा, कापून घ्या म्हणून?"

दरवर्षी थंडीत क्लबाची स्पर्धा व्हायची, आणि त्या वर्षी अण्णांच्या समोर फायनलला केतन आला. केतन गुजरातेतल्या उंबरगावचा, बँकेत नव्याने लागलेला, पंचविशीचा, आणि काय खेळायचा! फाडफाड. त्याचा पांढरा बॉल टेबलभर भटकायचा, जाता जाता रंगीतांना लाथा घालत. बाकी कुणाला त्याची मजा वाटायची, मला धडकी भरली. हा पोरगा ब्राऊन जागेवर ठेवणारच नाही. अण्णांनाही ते कळत होतं. आठवडाभर भाकरी अर्धीच खायचे. नुसतं हरणं असतं तर गोष्ट वेगळी. चारचौघांत, सगळ्या गावासमोर, लाल समजून ब्राऊनला मारलं की एका क्षणात सगळ्यांना कळणार होतं, आणि मग खेळ बंद. त्यांची पाचावर धारण बसली होती आणि ती लपवायला ते कचेरीच्या गप्पा जरा जास्तच मोठ्याने सांगत होते.

तेव्हा आईने बेत काढला. "फायनलला बायकामाणसं येतात ना? मी येते. ते चुकीच्या बॉलवर वाकले की खोकते."

आईने तीस वर्षांत त्या टेबलाकडे बघितलं नव्हतं. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात अण्णांच्या जुन्या बॉलचा एक संच होता. मी तो काढला, भाताच्या परातीत मांडला, आणि दुपारभर आमची शाळा. मी परात घेऊन अंगणाच्या टोकाला, ती ओटीवर. "डावीकडचा?" "चिकू." "मधला?" "लाल." एकही चुकली नाही. वर मलाच म्हणते, "अगं, यात काय आहे? तुझ्या हिराबाईच्या टोपलीत याहून कठीण असतं." रविवारी सकाळी जेवताना तिने अण्णांना सांगून टाकलं. सरळच. खोकला आला तर समजा ब्राऊन, नाही आला तर बिनधास्त मारा. अण्णांनी पानातून मान वर केली नाही. "खोकला असेल तर घरी थांब," म्हणाले आणि हात धुवायला उठले. आई हळूच मला म्हणाली, "तू साडी नेस, आपण जातोय."

हॉल भरला होता. बाक कमी पडले म्हणून कुणीतरी शेजारच्या वाडीतून चिकूचे रिकामे खोके आणून उलटे टाकले होते. पंच होते फिरोजकाका, बागायतदार, अण्णांचे जुने दोस्त, पांढरे हातमोजे घालून उभे, मराठी बोलताना मध्येच गुजरातीत घसरणारे. पाच फ्रेम खेळायच्या, तीन जिंकेल तो. पहिल्या चारांत दोन-दोन झाले. अण्णांनी त्यांच्या दोन कशा जिंकल्या ते आठवलं की आजही माझ्या अंगावर शहारा येतो. ते फेऱ्या मारत होते, पाठ करत होते, केतनने विस्कटलेलं सगळं डोक्यात पुन्हा लावत होते, आणि मऊ हाताने एकेक उचलत होते. लोक वा वा करत होते. आम्ही दोघी तेवढ्या जाणत होतो की तिथे काय चाललंय. आई डोळ्यांत तेल घालून बघत होती.

पाचव्या फ्रेमच्या शेवटी दोनच लाल उरले होते. केतनने लांबून एक जोराचा फटका मारला, लाल आत गेला नाही, पण पांढरा बॉल परत येताना ब्राऊनवर आदळला, ब्राऊन सुसाट वर गेला आणि थेट त्या दोन लालांवर. तिघंही फुटले, फिरले आणि वरच्या कुशनपाशी थोड्या थोड्या अंतरावर थांबले. इतक्या झटक्यात झालं की कुठला कुठून कुठे गेला ते पाठ करायला सवडच नव्हती. अण्णांची पाळी. त्यांनी फेरी मारली. दुसरी मारली. तिसरी मारल्यावर लोक चुळबुळ करू लागले. मग ते वाकले, एका बॉलवर नेम धरला. तो ब्राऊन होता.

आई खोकली.

असं खोकली की बाहेर झाडावरचे कावळे उडाले असतील. आयुष्यात कधी खोटं न खोकलेली बाई, तिला काय अंदाज! फिरोजकाका घाबरले. "अरे, कोणी बाईंना पाणी आपो ने!" कुणीतरी तांब्या घेऊन धावलं. त्या गोंधळात अण्णा तसेच वाकलेले राहिले. उत्तर मिळालं होतं. दोन वीत सरकायचं, लाल घालायचा, कुणाला काही कळलं नसतं. मी मनात म्हणत होते, सरका अण्णा, सरका.

ते उभे राहिले. क्यू टेबलाला टेकवून ठेवला.

"फिरोज," ते म्हणाले, "आमची मंडळी आत्ता खोकली तो खोकला नव्हता. मला सांगत होती. मला लाल आणि ब्राऊन कळत नाही. दीड वर्ष झालं. मदत मिळाली, फाऊल झाला. चार गुण केतनला दे."

आईने पदर तोंडावर ओढला. मी तिचा हात धरला. मला वाटलं, संपलं सगळं. आपणच हात दाखवून अवलक्षण केलं. आता कुणीतरी उठेल आणि म्हणेल, राऊत, बस आता, चहा घे.

उठला तो केतन. "काका," तो म्हणाला, "मने नको चार गुण. पण तुम्ही पंचांना विचारत का नाही? नियम आहे ने. ज्याला रंग ओळखता येत नाही त्याने विचारायचं, पंचाने सांगायचं. पुस्तकात छे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! परातीत बॉल मांडून दुपार घालवली आम्ही. मी अण्णांकडे बघितलं आणि मला कळलं की त्यांना नियम पहिल्यापासून ठाऊक होता. ज्या माणसाने आम्हाला सगळा खेळ शिकवला त्याला तो ठाऊक नसेल? नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "माहीत होता गं. तोंड उघडत नव्हतं." दीड वर्ष प्रत्येक बॉल पाठ करणं त्यांना सोपं गेलं, एक प्रश्न विचारणं नाही.

"चार गुण लिहा," अण्णा म्हणाले, आणि लिहायलाच लावले. केतनने पाळी मात्र त्यांनाच परत दिली. मग क्यू उचलला. वाकले. आणि सबंध हॉलसमोर, मान न वळवता, विचारलं, "फिरोज, हा कुठला?"

"ब्राऊन."

"आणि डावीकडचा?"

"लाल, दीकरा. लाल." दोघंही साठीच्या आसपासचे, आणि फिरोजकाका अण्णांना दीकरा, म्हणजे बाळा, म्हणत होते.

लाल गेला. काळा गेला. "आता?" "उजवीकडे, कुशनजवळ." दुसरा लाल गेला. परत काळा. पिवळा, हिरवा, ब्राऊन, निळा, गुलाबी. लाल संपले होते, आता गोंधळायचं कारण नव्हतं, तरी अण्णा प्रत्येक वेळी विचारत होते, मला वाटतं त्यांना ते आवडायला लागलं होतं. शेवटचा काळा उरला, जो घालेल तो जिंकेल. अण्णांनी मारला. पॉकेटच्या तोंडाशी जाऊन तो घुटमळला, आणि थांबला. केतनने घातला. संपलं. केतन हरल्यासारखा उभा होता आणि अण्णांच्या पाया पडत होता, अण्णा त्याला उठवत होते, "अरे, जिंकलास तू, वेडा आहेस का?"

गर्दी पांगल्यावर फिरोजकाका आमच्याकडे आले. अण्णांना बाजूला घेतलं, पण त्यांना हळू बोलता येत नसे. "राऊत, मूरख आहेस तू. माझे दोन्ही डोळे मुंबईला करून आलो मी. आतमध्ये भिंग बसवतात आता. गेल्या वर्षी."

"तू? मला बोलला नाहीस?"

"कसा बोलणार? पंचाचे डोळे गेले म्हणले असते सगळे!"

अण्णांना असं हसू फुटलं की त्यांना खोक्यावर बसावं लागलं. दोन म्हातारे, एक आंधळा खेळणारा आणि एक आंधळा पंच, दोघांनी एकमेकांपासून लपवलं! आईसुद्धा पदरामागून हसली. घरी निघताना अण्णा तिला म्हणाले, "फिरोजला त्याच्या डॉक्टरांची तारीख घ्यायला सांग." आई रस्ताभर डोळे पुसत होती, आणि मी विचारलं तर म्हणे धूळ गेली.

फिरोजकाका स्वतः सोबत गेले मुंबईला. आधी एक डोळा, मग काही महिन्यांनी दुसरा. पहिल्या वेळी पट्टी असताना अण्णा रात्री दिवा विझवू देत नसत, आणि आम्हीही विझवला नाही. पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरांनी बोटं दाखवली, अण्णांनी बोटं बरोबर सांगितली आणि वर डॉक्टरांच्या टायचा रंगही सांगितला, न विचारता. नंतर आठवडाभर घरात प्रत्येक वस्तूचा रंग आम्हाला ऐकवत होते. आई वैतागून म्हणाली, "आम्हाला दिसतं हो!"

दोन्ही डोळे झाल्यावर पहिल्यांदा ते खेळायला गेले तो रविवार मी विसरणार नाही. बातमी फिरली होती, बाक भरले होते. राऊत पद्धत आता काय कमाल करेल! समोर केतनच. अण्णांनी मोजे चढवले, फेरी वगैरे काही मारली नाही, वाकले आणि असा फटका हाणला की पंधराही लाल टेबलभर पळाले, दोन रंगीत कोपऱ्यात गेले, ब्राऊन उडून पार दुसऱ्या टोकाला. मग दुसरा तसाच. लांबून, आडवे, उलटे, जे दिसेल ते. दिसतंय ना, मग मारायचंच! पॉकेटमध्ये जात होतं थोडं, उधळत होतं फार. केतनने लागोपाठ तीन फ्रेम घेतल्या. बाकांवर कुजबुज सुरू झाली. राऊतांचा खेळ उतरला हो. डोळे आले आणि हात गेला. एक जण तर उठून गेलाच. मला त्याच्या मागे जाऊन दोन शब्द सुनावावेसे वाटले.

फिरोजकाकांनाही राहवलं नाही. बॉल परत मांडताना ते म्हणाले, "राऊत, शूं करे छे? तुझा तो गेम कुठे गेला? तो कंट्रोल?"

अण्णांच्या कपाळावर घाम होता, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि चेहरा असा की मी तो आधी कधी पाहिला नव्हता. तिशीतले अण्णा मी पाहिले नाहीत असं वर लिहिलंय, ते खोटं. त्या रविवारी पाहिले.

"तो गेम नव्हता रे फिरोज, घाबरगुंडी होती," ते म्हणाले. "आता जरा खेळू दे मला. लाव रे केतन, परत लाव."